पुडीला चार, पत्रकाला शून्य

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमचा को ८६०३२ जातीचा ऊस तुटून गेला आणि सव्वा एकरात मागे उरलं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. मामा दरवर्षीसारखे काडेपेटी शोधत होते आणि मी दरवर्षीसारखी ती लपवत होते. शेवटी तह झाला: यंदा पाचट कुजवायचं, पण त्यासाठी 'काहीतरी औषध' आणायचं. नुसतं सरीत दाबून गप्प बसायचं हे मामांना पटत नाही. औषध आणलं की शेती केल्यासारखी वाटते.

म्हणून तालुक्याच्या गावातल्या कृषी सेवा केंद्रातून पाचट कुजवणाऱ्या बुरशीच्या पुड्या आणल्या. १ किलोची एक पुडी, २२० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याच काउंटरवर आणखी तीन कंपन्यांच्या पुड्या होत्या आणि तिन्हींच्या आत जवळपास हेच पत्रक होतं. एकीला धरून बडवण्यात अर्थ नाही. मी जे लिहितेय ते बहुतेक सगळ्यांनाच लागू पडेल.

माझ्याविषयी एवढंच की मी शिवाजी विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजी केलं, लग्नाआधी आणि नंतर मिळून नऊ वर्षं एका डिस्टिलरीच्या लॅबमध्ये यीस्ट मोजलं, आणि आता वारणाकाठी ऊस, दोन म्हशी आणि एक दहावीतला मुलगा असं सांभाळते. सूक्ष्मदर्शक विकला नाही. तो अजून फडताळात आहे.

पुडीत काय निघालं ते आधी. शंखजिऱ्याची पांढरट पूड, तिच्यात किंचित हिरवट झाक, वर लेबल: ट्रायकोडर्मा व्हिरिडी, ग्रॅममागे २० लाख जिवंत कण. उत्पादनाची तारीख दोन महिन्यांपूर्वीची, मुदत बाकी. पुडीबरोबर १०० ग्रॅम गूळ पावडरीचा एक पाऊच फुकट, त्यावर 'एनर्जी फूड' असं छापलेलं आणि वर एक दंड फुगवलेला माणूस. बुरशीला दंड कुठले, पण असो. पत्रकात सगळीकडे तिला 'जिवाणू' म्हटलंय. बुरशी म्हणजे जिवाणू नव्हे. पण सरकारी शिफारशीतही 'पाचट कुजवणारे जिवाणू' असंच रूढ झालंय, तेव्हा याचे गुण कापत नाही.

माल खरा आहे का हे पाहायला मी बटाटे उकडले. २०० ग्रॅम बटाट्याचं पाणी, २० ग्रॅम साखर, चायना ग्रास, आणि कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या. आत्यांना वाटलं भाजी. काचेच्या झाकणवाल्या वाट्यांत ते ओतून घट्ट केलं, पुडीतली १ ग्रॅम पूड उकळून गार केलेल्या पाण्यात दहादहा पट पातळ करत नेली आणि दहा हजार पट पातळ झालेल्या पाण्याचा १ मिली एकेका वाटीत सोडला. चौथ्या दिवशी तीन वाट्यांत मिळून सरासरी १५० ठिपके. म्हणजे ग्रॅममागे १५ लाख. स्वयंपाकघरातल्या मोजणीला एवढी घट चालायचीच. ठिपके आधी पांढरे, मग कडेपासून हिरवे, आणि झाकण उघडल्यावर खोवलेल्या नारळासारखा वास. ट्रायकोडर्माच्या काही जातींचा हा वास ओळखीचा असतो. थोडक्यात, पुडीत बुरशी आहे आणि जिवंत आहे. आपल्याकडच्या कृषी मालाबद्दल हे वाक्य लिहायला मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. चार तारे इथलेच.

आता पत्रक. त्यात लिहिलंय: एकरी १ किलो पुडी, २०० लिटर पाणी, २ किलो गूळ, पाच दिवस बॅरलमध्ये भिजवा, रोज ढवळा, मग पाचटावर फवारा. इथपर्यंत ठीक. पुढे ठळक अक्षरात: 'जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून दर ८ दिवसांनी एकरी २ किलो गुळाचे पाणी फवारावे. पाचट झपाट्याने कुजते.'

माझं भांडण या ठळक ओळीशी आहे. उपाशी राहू नये म्हणजे काय? अहो, ती उपाशी राहिली तरच पाचट खाणार ना!

पाचट म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांबलचक माळ, पण बुरशीला ती माळ गिळता येत नाही. तिला अंगाबाहेर विकरं सोडावी लागतात, म्हणजे आपली एन्झाइम्स. एक विकर माळ मधेच तोडतं, दुसरं टोकाकडून दोनदोन मणी सुटे करतं, तिसरं त्या दोन मण्यांचा एकेक करतं. तेव्हा कुठे ग्लुकोज तोंडी लागतं. ही सगळी विकरं म्हणजे प्रथिनं. ती बनवायला नायट्रोजन लागतो, ताकद लागते, आणि वर ती परक्याच्या रानात सोडून द्यायची. एवढा खर्च बुरशी उगाच करत नाही. घरात शिजलेला भात असताना कुणी जात्यावर बसतं का?

यासाठी बुरशीकडे पक्की व्यवस्था आहे. ट्रायकोडर्मामध्ये क्रे-१ नावाचं एक प्रथिन असतं. अस्परजिलस बुरशीत त्याच्याच भावंडाला क्रे-ए म्हणतात. ग्लुकोजसारखी सोपी साखर मुबलक असली की हे क्रे-१ केंद्रकात जाऊन सेल्युलेज विकरांच्या जनुकांच्या तोंडाशी, डीएनएवरच, ठिय्या देऊन बसतं आणि त्या जनुकांचं वाचन दाबून टाकतं. साखर संपली की ठिय्या उठतो. पण नुसता ठिय्या उठून भागत नाही, काम सुरू करायला निरोपही लागतो. बुरशी कायम चिमूटभर विकर बाहेर सोडून ठेवते, गस्तीला म्हणा हवं तर. त्या गस्तीला सेल्युलोज सापडलं की त्याचे छोटे तुकडे बुरशीपर्यंत पोचतात, आणि मग एक्सवायआर-१ नावाचं दुसरं प्रथिन जनुकं जोरात सुरू करतं. म्हणजे दोन अटी: समोर कठीण अन्न असल्याचा निरोप हवा आणि सोपं अन्न संपलेलं हवं. दर आठ दिवसांनी गुळाचं पाणी मारून आपण दुसरी अट स्वतःच्या हाताने मोडतो.

ही गोष्ट सुरू होते तंबूंपासून, आणि मला ती भारी आवडते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन द्वीपसमूहातल्या बोगनव्हिल बेटावर अमेरिकी सैन्याच्या तंबूंचं सुती कापड कुजून चाललं होतं. त्यातून वेगळी काढलेली एक बुरशी क्यूएम-६ए या नावाने लष्कराच्या प्रयोगशाळेत जपली गेली. एल्विन रीज आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. पुढे रीज यांच्याच नावावरून तिचं ट्रायकोडर्मा रीसाय असं बारसं झालं. आज उद्योगात सेल्युलेज बनवायला वापरतात ते रीसायचे वाण त्या एका कुजक्या कापडाचे वंशज आहेत. कापड कुजू नये म्हणून सुरू झालेलं काम शेवटी कुजवणारं विकर बाटलीत भरण्यावर आलं.

त्या कामातच एक गंमत निघाली. काही वेळा ग्लुकोजवर वाढवलेली बुरशीही सेल्युलेज काढताना दिसायची, म्हणजे सगळ्या हिशेबाच्या उलट. १९६२ साली मँडेल्स, पॅरिश आणि रीज यांनी त्याचा छडा लावला: बाजारच्या ग्लुकोजमध्ये सोफोरोज नावाच्या दुसऱ्या साखरेची भेसळ होती. सोफोरोज म्हणजेही ग्लुकोजचे दोनच मणी, फक्त सेल्युलोजपेक्षा वेगळ्या सांध्याने जोडलेले. पण बुरशीला तो निरोप म्हणून इतका जबरदस्त लागू पडतो की किंचितसा पुरतो. दुधातल्या लॅक्टोजनेही ही विकरं सुरू होतात. म्हणजे 'साखर' म्हणून सगळ्या एका मापाने मोजायच्या नाहीत. एक साखर कामावर बोलावते, दुसरी सुट्टी देते. गुळात उसाची साखर असते आणि थोडं सुटं ग्लुकोज-फ्रुक्टोज. हे सुट्टीवालं खातं.

हे सगळं मामांना सांगितल्यावर ते म्हणाले, "कागदावरचं झालं. दाखव."

म्हणून बरण्या. लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्या, प्रत्येकीत उकळून गार केलेलं २०० मिली पाणी, चिमूटभर युरिया, चिमूटभर सुपर फॉस्फेट, आणि मामांच्या जुन्या धोतराच्या दोन बोटं रुंद अशा दोन पट्ट्या, अर्ध्या पाण्यात, अर्ध्या वर. सुती धोतर म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, शिवाय तंबूंची आठवण. पहिल्या बरणीत पुडीचा एक चमचा, गूळ नाही. दुसरीत पुडी आणि एकदाच २ ग्रॅम गूळ, म्हणजे पत्रकाच्याच प्रमाणात, शेकडा एक. तिसरीत तेवढंच, शिवाय दर चौथ्या दिवशी पुन्हा २ ग्रॅम. चौथीत नुसत्या पट्ट्या, पुडीही नाही. तोंडाला फडकं बांधून सगळ्या पोटमाळ्याच्या जिन्याखाली.

आठव्या दिवशी कुणीही पाहिलं असतं तर तिसऱ्या बरणीला पहिलं बक्षीस दिलं असतं. पाण्यावर पांढरी गादी, तिच्यावर हिरवा मखमली थर, पट्टी त्यात दिसेनाशी झालेली. पहिली बरणी दरिद्री: पाणी नितळ, पट्टीवर पाण्याच्या रेषेशी करडी बुरशी आणि चार हिरवे ठिपके. मामांनी तिसरीकडे बोट दाखवलं आणि काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला चांगलं ऐकू आलं.

बाराव्या दिवशी प्रत्येकीतली एकेक पट्टी चिमट्याने काढून, धुऊन, कपडे वाळत घालायच्या चापाला टांगल्या आणि खाली किराणाच्या तराजूची वजनं लावली. पहिल्या, दरिद्री बरणीतली पट्टी ५० ग्रॅमला पाण्याच्या रेषेशी तुटली. दुसरीने १०० पेललं, २०० ला गेली. तिसरी, मखमलीतली, अर्धा किलो घेऊन शांत लोंबत राहिली. चौथी तर धोतरच होती. विसाव्या दिवशी, प्रत्येक बरणीत आधीच ठेवलेल्या दुसऱ्या पट्टीची पाळी. पहिली आणि दुसरी दोन्ही चिमट्यातच लगदा झाल्या. तिसरी अजून २०० ग्रॅमला टिकली.

मामांनी तुटलेल्या पट्टीची कड अंगठ्याने चोळली, तिचं पीठ झालं. "म्हणजे ही खाऊनपिऊन माजली होती," एवढंच म्हणाले आणि चहाला गेले. क्रे-१ चं याहून थोडक्यात वर्णन मी तरी वाचलेलं नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर तिसऱ्या बरणीत शेवटी आंबूस वास होता, यीस्ट आणि जिवाणूही शिरले होते, तेव्हा पट्टी टिकण्यात आंबटपणाचाही वाटा असणार. पण दुसरी बरणी पाहा. एकदाच गूळ मिळाला, तो संपेपर्यंत ती मागे राहिली, आणि संपल्यावर तिने पहिलीला गाठलं. म्हणून गूळ मुळात वाईट असं मी म्हणत नाही. बुरशी वाढवायला साखर हवीच. दिल्लीच्या पुसा संस्थेचं भाताच्या पेंढ्यासाठीचं बुरशीचं मिश्रणही गूळ-बेसनाच्या पाण्यातच वाढवतात. मी स्वतः वाट्यांत बटाट्याला साखर घातलीच की. वाढवणं वेगळं आणि कामाला लावणं वेगळं, आणि पत्रक लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच बॅरलमध्ये ढवळलंय.

बॅरलवरून आठवलं. पाच दिवस उघड्या बॅरलमध्ये गुळाचं पाणी ठेवा, हेही मला मान्य नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या बॅरलला फेस आला आणि मला थेट जुन्या नोकरीची आठवण झाली. एक थेंब काचेवर घेऊन पाहिला: यीस्टच यीस्ट, अधूनमधून बुरशीचा एखादा धागा. दारूची भट्टी लावायची असेल तर पाच दिवस ठेवा. मी दुसऱ्या बॅरलला एकच रात्र भिजवलं, गूळ अर्धा किलो घेतला आणि सकाळी फवारलं. ते बरं.

आता रान. सव्वा एकराचे तीन भाग केले. एकात पत्रकाबरहुकूम आठ-आठ दिवसांनी गूळ, सहा वेळा. दुसऱ्यात एकदाच. तिसऱ्यात एकदाच, पण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं संवर्धक. बांबूची मीटरभर चौकट करून आतलं पाचट सुरुवातीला वजन केलं तेव्हा ९०० ग्रॅमच्या आसपास होतं. तीन महिन्यांनी तीन-तीन ठिकाणी उचलून, वाळवून मोजलं: पहिल्यात ५६० ग्रॅम, दुसऱ्यात ५४०, तिसऱ्यात ३७०.

म्हणजे रानात पहिल्या-दुसऱ्या भागात फरक जवळपास नाहीच. बरणीतला धडाका तिथे दिसला नाही, आणि ते साहजिक आहे. एकराच्या साडेतीन-चार टन पाचटावर २ किलो गूळ म्हणजे दर्यात खसखस. रानातले जिवाणू आणि मुंग्या तो एक-दोन दिवसांत चाटून टाकतात, बुरशीची सुट्टी तेवढ्यापुरतीच. तोटा झाला तो आमचा: गूळ, सहा वेळचा पंप पाठीवर, आणि लाल मुंग्यांनी बाजूच्या सरीत केलेली वसाहत. भांगलणीला आलेल्या बायकांनी त्या मुंग्यांबद्दल मला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खरा फरक तिसऱ्या भागाने पाडला, आणि पत्रकात त्याचा उल्लेखच नाही. युरियाचा शब्द नाही, सुपर फॉस्फेटचा नाही, ओलीचा नाही. पाचटात कर्ब-नत्राचं प्रमाण शंभराच्या घरात, म्हणजे कर्ब नत्राच्या जवळपास शंभरपट. विकरं ही प्रथिनं, आणि नत्राशिवाय प्रथिनं कशाची करायची? वर पुडीही एकरी १ किलो सांगितलीय. शिफारस टनाला १ किलोची आहे, म्हणजे एकराला साडेतीन-चार पुड्या. आता कंपनी म्हणेल चार सांगितल्या तर कुणी घेणार नाही. मग तसं छापा, आणि गुळाच्या सहा फेऱ्यांचे पैसे उरलेल्या पुड्यांना लावायला सांगा. मी हिशेब केला, जवळपास तेवढेच होतात.

एक शंका येईल म्हणून सांगते. साखर असतानाही विकर सोडणारी बुरशी नाही का? आहे. न्यू जर्सीच्या रट्गर्स विद्यापीठात १९७० च्या दशकात त्या तंबूवाल्या बुरशीचे उत्परिवर्ती वाण काढले गेले, त्यातला रट-सी३० प्रसिद्ध आहे. १९९६ साली कळलं की त्याचं क्रे-१ जनुकच अर्धवट तुटलेलं आहे, म्हणजे ठिय्या द्यायला कुणी नीट बसतच नाही. कारखान्यात सेल्युलेज काढायला असे वाण सोन्याचे. जीन्स मऊ करायला आणि पेंढ्यापासून इथेनॉल काढायला याच जातीची विकरं लागतात. २०२२ साली पानिपतला सुरू झालेल्या पेंढ्याच्या इथेनॉल प्रकल्पाचं तंत्रज्ञान आपल्या पुण्यातल्या प्राज कंपनीचं आहे, तिथेही पेंढ्यातलं सेल्युलोज विकरांनीच फोडतात. पण २२० रुपयांच्या पुडीत ती तुटक्या जनुकाची बुरशी नसते. पुडीतली बुरशी शहाणी आहे, ती फुकटचं आधी खाणार.

मे महिन्यात दुकानात गेले तेव्हा पत्रकाचं बोलले. दुकानदार भला माणूस आहे, उधारी लिहिताना कपाळाला आठी घालत नाही. म्हणाला, "वहिनी, तुमचं खरं असंल. पण गूळ सांगितला नाही तर गिऱ्हाइकाला औषध हलकं वाटतं."

घ्यायची का? घ्या, पण टनाला एक या हिशेबाने, तारीख बघून, उन्हात ठेवलेली नको. भिजवायला गूळ थोडा, एकदाच, रात्रभर. युरिया-सुपर फॉस्फेट पाचटावर विस्कटून टाका, वरंब्याच्या बगला फोडताना माती थोडी वर येऊ द्या आणि पाणी देऊन ओल धरा. कपाळाच्या घामासाठी पत्रक वापरायला हरकत नाही, कागद चांगला आहे.

'एनर्जी फूड'चे पाच पाऊच उरले होते. आत्यांनी गाभण म्हशीच्या आंबोणात घातले. म्हशीची काही तक्रार नाही.